काखेची हद्द

माझी किंकाळी सध्या एका मित्राची रिंगटोन आहे. परवा रात्री आमच्या लिव्हरपूलनं, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल क्लबनं, गोल केला, मी आनंदाच्या भरात ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली: किंकाळी, टीपॉयवर गुडघा आपटल्याचा आवाज, पुन्हा किंकाळी. चार मिनिटांनी व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघून तपासणाऱ्या रेफ्रीनं, गोल रद्द केला. ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना आमचा गडी त्यांच्या बचावाच्या पुढे. नोट पुसेपर्यंत ती तीन ग्रुपांवर फिरून आली होती. काल बँकेच्या रांगेत तो मित्र मागे उभा होता आणि त्याला मुद्दाम फोन येत होते.

चार मिनिटं! पूर्वी लाइन्समननं झेंडा वर केला की त्याच्या खानदानाची चौकशी करून माणूस मोकळा व्हायचा. आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तर ती चौकशी त्याला ऐकूही जाते. आता शिव्या पोचवायच्या कुठं? लंडनच्या स्टॉकली पार्कात, बंद खोलीत स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला?

तर त्या चार मिनिटांत आबा आले. मॅच बघायला आम्ही शिवाजी पेठेत ज्याच्या घरी जमतो, त्याचे वडील. जमिनी मोजणारे सरकारी भूकरमापक म्हणून निवृत्त. फुटबॉल म्हणजे इथल्या तालमींच्या संघांचा, बाकी सगळं थोतांड, हे त्यांचं मत. पाणी प्यायला उठले होते. पडद्यावर रेघ दिसली आणि आबा तांब्यासकट थबकले.

"मोजणी चाललीया?"

"ऑफसाइड बघतायत, आबा."

"अर्ज कुणाचा?"

"अर्ज नसतो. आपोआप बघतात."

"आणि लगतधारकाला नोटीस?"

लगतधारक, म्हणजे त्यांचा डिफेंडर, कमरेवर हात ठेवून च्युइंगम चघळत होता. मी आबांना नियम सांगितला. ज्या अवयवानं गोल करता येतो तोच धरायचा. हात धरत नाहीत, आणि हाताची हद्द काखेच्या तळाशी लागते. आबांनी तांब्या खाली ठेवला, बनियनमधला उजवा हात वर केला आणि स्वतःची काख बारकाईनं तपासली. हात खाली केला, पुन्हा वर केला.

"ही खूण कायम न्हाई," ते म्हणाले. "हात हलला की हलती. हद्दीला दगड पायजे."

मग मला राहवेना. २०१९ च्या नोव्हेंबरात ॲस्टन व्हिलाविरुद्ध आमच्या फिर्मिनोचा गोल काख पुढे होती म्हणून गेला, तो सांगितला. पुढच्या वर्षीचा लीड्सचा बॅमफर्ड सांगितला: पास कुठं हवा ते हातानं दाखवत होता, दाखवणारा दंड पुढे गेला, गोल रद्द.

"म्हणजे वाट दावली म्हणून अतिक्रमण," आबांनी नोंद केली. "बरं, चेंडू पायातनं सुटला ती वेळ कुणी धरली?"

कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रं घ्यायचा, त्यातलं एक माणूस निवडायचा, असं मी म्हटल्याबरोबर आबांनी पेन्सिल मागितली. पेपरच्या समासात गणित मांडलं. पळणारा गडी सेकंदाला आठ मीटर धरला, तर दोन चित्रांच्या मध्ये सोळा सेंटीमीटर.

"आणि काख किती पुढं हुती?"

"थोडीशी."

"मग ह्यो नकाशा पास कुणी केला?"

"आबा, ते जुनं झालं," त्यांचा पोरगा म्हणाला. "२०२५ च्या एप्रिलपासून प्रीमियर लीगमध्ये रेघ यंत्र मारतंय."

"आमच्यातबी मशीन आलं, साखळी गेली. बांधावर डोकी फुटायची थांबली व्हय?"

थांबली नाहीत. लीगमध्ये यायच्या आधीच, त्याच वर्षी मार्चमध्ये एफए कपात बोर्नमथ-वुल्व्हज सामन्यात हे यंत्र गोलसमोरच्या गर्दीत गांगरलं आणि शेवटी माणसांनीच रेघा ओढल्या. खेळ आठ मिनिटं बंद.

आबांचा पुढचा प्रश्न मात्र वर्मी लागला. मोजणी पटली नाही तर निमताना, म्हणजे फेरमोजणी, मागता येतो, त्यावर सुपर निमताना, इथं काय? इथं काय म्हणजे, आमचा तेव्हाचा खेळाडू लुईस दियाझ. सप्टेंबर २०२३, टॉटनहॅमच्या मैदानावर. गोल चोख होता. मैदानात झेंडा वर गेला. खोलीतल्या माणसानं मोजलं बरोबर, पण त्याला वाटलं की मैदानात गोल दिलेलाच आहे. म्हणून 'तपासणी पूर्ण' म्हणून मोकळा झाला. चूक लगेच कळली, पण खेळ सुरू झाला होता, आता काही करता येत नाही म्हणे. आम्ही १-२ हरलो. आमचा तेव्हाचा प्रशिक्षक क्लॉप, त्यानं सामना पुन्हा खेळवा म्हटलं, कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आबांचा चेहरा उजळला. "म्हंजे मोजणी बरोबर, उतारा चुकला!"

त्यांना मजा वाटली. मला आजही वाटत नाही. गोल झाला की आधी लाइन्समनकडे बघायचं, मग रेफ्रीचा हात कानाला जातो का ते, आणि परवानगी येईपर्यंत तोंड मिटून बसायचं. रात्री दीड वाजता जागून हे करायचं? २०२४ मध्ये वुल्व्हजनं व्हीएआर काढून टाकायचा ठराव मांडला. बाकीच्या एकोणीसही क्लबांनी विरोधात मत दिलं. आम्हाला कोण विचारतो! नॉर्वेत त्याच वर्षी रोझेनबोर्गच्या मॅचला व्हीएआरच्या निषेधात मैदानात माशाच्या वड्या फेकल्या, सामना सोडून द्यावा लागला.

"शिजवलेल्या?" आबांनी विचारलं.

"हो."

"मग पोटतिडीक खरी."

या सगळ्यात टीव्हीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. समोरच्यांनी गोल मारला होता. तो तीस सेकंदांत मंजूर झाला.