लाल फोन, कुलूप आणि ग्रंथपाल

मुळात चूक माझी. मला लाल फोन हवा होता.

मार्च २०१३ ची गोष्ट. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत एडिसनला राहायचो, म्हणजे जिथे तुम्ही बर्फावरून घसरून पडलात तर उचलायला येणारा माणूस गुजरातीत किंवा तेलुगूत, आणि नशीब जोरावर असेल तर मराठीत "लागलं का हो?" विचारतो. आमच्याकडे दोन साधे प्रीपेड फोन होते, रेंज फुल्ल, बिल कमी, संसार सुरळीत. पण मॉलमध्ये एका दुकानाच्या काचेआड तो लाल फोन दिसला आणि माझं डोकं फिरलं. फोनचं नाव सांगत नाही, कंपनीचं तर नाहीच नाही. तोच फोन पांढरा आणि काळा सगळ्यांकडे होता, लाल मात्र एकाच मोबाइल कंपनीकडे. एक्स्क्लुझिव्ह!

आता आपल्याकडच्या माणसाला हे प्रकरण पटकन कळत नाही. आपल्याकडे फोन वेगळा, सिम वेगळं. फोन म्हणजे डबा आणि सिम म्हणजे भाजी, डबा विकत घेताना भांडीवाला कधी विचारतो का की यात दोन वर्षं फक्त आमच्याकडचीच दोडक्याची भाजी नेणार ना? म्हणून तर ऑगस्ट २००८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोनने आयफोन थ्रीजी भारतात आणला तेव्हा ३१ हजार किंमत ऐकून लोक खवळले होते, अमेरिकेत १९९ डॉलरला मिळतो आणि इथे ३१ हजार म्हणजे काय लूट आहे का! त्या १९९ ला मागे दोन वर्षांच्या कराराचं शेपूट लटकलेलं आहे ते कोणाला दिसत नव्हतं. मलाही २०१३ मध्ये दिसलं नाही, आणि मी तर शेपटाच्या बाजूलाच उभा होतो.

दुकानातला पोरगा इतका गोड बोलत होता की मला वाटलं हा मुलगी बघायला आलाय. फोनची खरी किंमत साडेसहाशेच्या घरात, पण सर तुमच्यासाठी फक्त १९९! बस्स इथे सही करा. सही बोटाने, टॅबलेटवर, ती माझी आहे हे मला स्वतःला ओळखू आलं नसतं. मध्येच सोडलंत तर ३२५ डॉलर दंड, दर महिन्याला दहाने कमी होत जाणार, हे त्याने आमच्याकडे मंगलाष्टकांत शेवटची ओळ म्हणतात त्या वेगाने सांगितलं. आणि मग "कॉन्ग्रॅच्युलेशन्स!" म्हणाला. मी पण थँक्यू म्हणालो.

घरी आलो तर रेंज नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, बाथरूमच्या खिडकीपाशी दोन काड्या यायच्या, शॉवरच्या बाजूला सरकलं की तीन. जुन्या कंपनीचा टॉवर आमच्या बिल्डिंगच्या समोर होता म्हणे, या कंपनीचा कुठे होता कोण जाणे. पण लाल फोन यांच्याकडेच, त्यामुळे मी पुढची दोन वर्षं घरातले सगळे महत्त्वाचे फोन बाथरूममधून केले. आई पुण्याहून विचारायची, "अरे पाण्याचा आवाज कसला येतोय?" आणि एकदा तर ऑफिसच्या कॉलवर कोणीतरी नेमकं तेव्हाच फ्लश केलं. कोणीतरी म्हणजे बायकोने.

शिवाय तिसऱ्याच दिवशी बायको म्हणाली, "इतका महागाचा फोन, पडला तर?" आणि तिने त्यावर काळं कव्हर घातलं. जाड, रबरी, टायरसारखं. ज्या रंगासाठी हे सगळं केलं तो रंग मला नंतर फक्त चार्जिंगच्या भोकातून दिसायचा. आणि साध्या काळ्या फोनला दहा डॉलरचं लाल कव्हर मिळालं असतं, हे मला सुचलं कधी, तर दोन वर्षांनी.

फोन चालू केला की आधी कंपनीचा लोगो, मग कंपनीची धून, मग कंपनीची बारा-तेरा अॅप्स. नकाशाचं एक, त्याला महिन्याला दहा डॉलर. टीव्हीचं एक, त्यालाही. आणि एक अमेरिकन फुटबॉलचे, आमच्याकडच्या जायंट्स टीमचे वगैरे, स्कोअर देणारं. मला त्या खेळातलं एवढंच कळतं की बॉल लांबट असतो आणि पाय त्याला क्वचितच लागतो. अॅप डिलीट करायला गेलो तर डिलीटचं बटणच नाही. भाडेकरूने घरमालकाच्या देवघराला हात लावायचा नाही तसं काहीतरी.

तरी मी खूश होतो. खरी मजा डिसेंबरात आली, तीन आठवड्यांच्या सुट्टीवर पुण्याला गेलो तेव्हा.

रोमिंग चालू ठेवणं शक्यच नव्हतं, अमेरिकन कंपन्यांचा परदेशातला डेटा तेव्हा एका एमबीला वीस डॉलरच्या आसपास पडायचा, डॉलर होता ६२ रुपये, म्हणजे कोणी गुड मॉर्निंगचा गुलाबाचा फोटो पाठवला आणि तो एक एमबीचा निघाला तर बाराशे रुपयांचा गुलाब. आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी असे चौदा गुलाब फुलतात. मग बाबांनी मोठ्या मनाने त्यांचं जास्तीचं सिम दिलं. ते होतं जुन्या मोठ्या साइजचं, माझ्या फोनला हवं मायक्रो. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने स्टेपलरसारखं ते यंत्र काढलं, सिम त्यात सरकवलं, कटक! वीस रुपये. बाबा शेजारी उभे राहून असे बघत होते की जणू नातवाचे कान टोचतायत.

सिम घातलं. फोन चालू केला. लोगो, धून, सगळं झालं आणि स्क्रीनवर एक चौकोन आला : सिम नेटवर्क अनलॉक पिन टाका.

बाबांनी चष्मा वर केला. "म्हणजे काय?"

"म्हणजे यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही."

"पण फोन तुझाच ना?"

"हो."

"मग?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाजूला आईचा अडीच हजाराचा फोन पडला होता, त्यात दोन सिम, वर एफएम रेडिओ आणि बॅटरीसुद्धा, म्हणजे उजेडाची बॅटरी. माझ्या चाळीस हजाराच्या फोनमध्ये एका सिमलाही थारा नाही. आई म्हणाली, "असू दे रे, तुला माझा देऊ का?" त्या स्वरात जी दया होती ती मी अजून विसरलेलो नाही.

रात्री स्काइपवरून कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. बाई फार प्रेमळ. म्हणाली, तुमचा करार अजून पंधरा महिने आहे, तो झाला की कुलूप काढायचा कोड आम्ही आनंदाने देऊ. किंवा आत्ता २३५ डॉलर भरून करार मोडा, मग पाच-सात कामाचे दिवस लागतील. मध्ये नाताळ होता. म्हणजे मी परतीच्या विमानात बसल्यावर माझा फोन भारतात चालायला लागला असता.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ मला तपकीर गल्लीत घेऊन गेला. पुण्यात राहून ज्याची कुठलीही विजेवर चालणारी वस्तू कधी बिघडली असेल त्याला तपकीर गल्ली सांगायला नको. एका सहा बाय चारच्या दुकानात दोन माणसं आणि साधारण चारशे उघडे फोन होते. मालकाने माझा फोन हातात घेतला, टायर काढलं, मागचा लोगो पाहिला आणि वैद्याने नाडी बघावी तसं म्हणाला, "अमेरिका. लॉक. डिसेंबरात रोज येतात दोन-तीन." मग त्याने स्टार हॅश झिरो सिक्स हॅश दाबलं, पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, आला, तो त्याने एका लग्नपत्रिकेच्या मागे लिहून घेतला. "पार्टीला मेल टाकतो. नंबरावरून कोड येतो. पंधराशे रुपये, दोन दिवस."

मी आवाज खाली आणून विचारलं, "हे लीगल आहे का?"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, फोन चोरीचा आहे का?"

"नाही नाही, माझाच आहे."

"मग?"

दोन दिवसांत दुसऱ्यांदा तोच प्रश्न. आता मी हे का विचारलं ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी उगाच साळसूदपणा करत होतो. अमेरिकेत १९९८ चा एक कायदा आहे, कॉपीराइटचा, गाण्या-सिनेमांच्या चोरट्या कॉप्या होऊ नयेत म्हणून केलेला. त्यात डिजिटल कुलूप तोडायला बंदी आहे. फोनमधलं कुलूप पण डिजिटलच, त्यामुळे तेही त्यात अडकलं. यातून कोणाला सूट द्यायची हे दर तीन वर्षांनी कोण ठरवतं? तर लायब्रेरियन ऑफ काँग्रेस, तिथल्या संसदेच्या लायब्ररीचा प्रमुख. म्हणजे ग्रंथपाल! खरंच. माझ्या फोनमध्ये बाबांचं सिम घालायचं की नाही हे वॉशिंग्टनचा ग्रंथपाल ठरवणार. मला ग्रंथपाल म्हटलं की आमच्या शाळेतले लायब्ररीचे सर आठवतात, पुस्तकाचं पान दुमडलं तर सगळ्या वर्गासमोर उभं करायचे, त्यामुळे मी आधीच अर्धा खचलो.

२००६ पासून ग्रंथपालांनी फोनला सूट दिलेली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती त्यांनी काढून घेतली, नव्वद दिवसांची मुदत दिली आणि ती मुदत संपली २६ जानेवारी २०१३ ला. म्हणजे इकडे प्रजासत्ताक दिनाची परेड चालली होती आणि तिकडे माझ्या होऊ घातलेल्या फोनचं स्वातंत्र्य गेलं. त्या तारखेआधी घेतलेले फोन चालणार होते. मी घेतला मार्चमध्ये. लोकांनी व्हाइट हाउसकडे अर्ज केला, १ लाख १४ हजारांवर सह्या झाल्या, आणि त्याच मार्चमध्ये व्हाइट हाउस म्हणालंसुद्धा की बरोबर आहे बुवा, लोकांना कुलूप काढता यायला पाहिजे. पण म्हणणं वेगळं आणि होणं वेगळं. आणि शिक्षा? पेपरात वाचलेलं : पाच लाख डॉलर दंड, पाच वर्षं कैद. ती धंदा म्हणून कुलपं तोडणाऱ्यांना आहे हे पुढच्या ओळीत होतं, पण एच-वन व्हिसावरचा माणूस पुढची ओळ वाचायला थांबत नाही. ग्रीन कार्डची फाईल आत पडलेली असताना तर नाहीच.

आणि तपकीर गल्लीत अमेरिकेचा कायदा लागू होत नाही हे मलाही कळत होतं हो. पण माझ्या डोळ्यांसमोर नेवार्क विमानतळावरचा तो ऑफिसर, माझा फोन हातात घेऊन विचारतोय, "यात तुझ्या वडिलांचं सिम होतं?"

गंमत म्हणजे आयफोनचं कुलूप तुटलं तेही आमच्याच न्यू जर्सीत. पहिला आयफोन २९ जून २००७ ला आला, ४९९ आणि ५९९ डॉलर, वर दोन वर्षांचा करार, आणि कंपनी एकच, एटी अँड टी. फेब्रुवारी २०११ मध्ये व्हेरायझनकडे येईपर्यंत ज्याला आयफोन हवा त्याने त्याच दारात जायचं. तर जॉर्ज हॉट्झ नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने दोन महिन्यांत ते कुलूप तोडलं आणि तो तोडलेला फोन देऊन बदल्यात निसान ३५०झेड गाडी आणि तीन नवे आयफोन घेतले. जर्मनीत त्याच वर्षी कोर्टबाजी होऊन काही दिवस बिनकुलपाचा आयफोन विकावा लागला, कुलपाचा ३९९ युरो, बिनकुलपाचा ९९९. म्हणजे कुलूप नसण्याचे सहाशे युरो. आमच्या तुळशीबागेत कुलूप असण्याचे पैसे घेतात.

असो. मी "विचार करून सांगतो" म्हणालो, जे पुण्यात सगळेच म्हणतात, त्यामुळे मालकाने वाईट वाटून घेतलं नाही. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "तू भित्रा आहेस." मी बाराशेचा बटणांचा फोन घेतला. बाबांचं कापलेलं सिम त्यात बसेना, मग त्याला परत मोठं करायची प्लास्टिकची चौकट घेतली, दहा रुपये.

घरी बाबांनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. बाबा बँकेतून रिटायर झालेत. "साडेसहाशेचा फोन तुला दोनशेला दिला. म्हणजे साडेचारशे कर्ज. चोवीस महिने. म्हणजे महिन्याला अठरा-एकोणीस डॉलर तुझ्या बिलात घातलेत. अरे, हप्त्याने घेतलाय म्हण की सरळ!" मग थांबून म्हणाले, "चोवीस महिने झाले की बिल कमी होतं का?"

"नाही. तेवढंच राहतं."

बाबांनी पेन खाली ठेवलं. "कर्ज फिटलं तरी हप्ता चालू?" तीस वर्षांच्या नोकरीत ही कल्पना आपल्या बँकेत कोणाला कशी सुचली नाही याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं की दुःख, मला कळलं नाही.

पुढे १ ऑगस्ट २०१४ ला ओबामांनी सही केली आणि आपल्या फोनचं कुलूप काढणं कायदेशीर झालं. तोपर्यंत मला कसलीच घाई उरली नव्हती. मार्च २०१५ ला करार संपला, कंपनीने शब्द पाळला, ईमेलने कोड आला, मी तो बाथरूमच्या खिडकीपाशी उभा राहून टाकला. अनलॉक सक्सेसफुल. बॅटरी तेव्हा दुपारपर्यंतच टिकायची.

पुण्याला जाणाऱ्या एका मित्राबरोबर तो फोन मी काकांना पाठवला. काका खूश, सिम लगेच चाललं, काळं टायर त्यांनी पहिल्या दिवशीच काढून फेकलं आणि लाल रंग सगळ्या सोसायटीला दाखवला. तक्रार फक्त एक, सकाळी फोन चालू केला की ती धून वाजते आणि काकू दचकतात. शिवाय ते फुटबॉलचं अॅप. मी म्हटलं, "काका, ते निघत नाही हो, मी दोन वर्षं प्रयत्न केला." ते म्हणाले, "राहू दे, राहू दे."

परवा फोन केला होता. तब्येत, पाऊस, सोसायटीचं पाणी सगळं झालं, आणि मी ठेवणार एवढ्यात काका म्हणाले, "बाकी यंदा तुमच्या जायंट्सचं काही खरं नाही बरं का. बचावच नाही त्यांच्यात."