‘स्टुग्ना-पी’ हे अमेरिकी क्षेपणास्त्र नव्हे

युक्रेनचे ‘स्टुग्ना-पी’ हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र म्हणजे अमेरिकेच्या ‘जॅव्हलिन’चीच आवृत्ती असून ते डागताच सैनिक जागा सोडू शकतो, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे.

‘स्टुग्ना-पी’ कीव्हमधील ‘लूच’ या संरचना संस्थेने विकसित केले. ‘जॅव्हलिन’ लक्ष्याच्या उष्णतेचा माग स्वतःच घेते; ‘स्टुग्ना-पी’ मात्र लेसर किरणाच्या आधारे पुढे सरकते, आणि म्हणून आघात होईपर्यंत चालकाला लक्ष्यावरची नजर हलवता येत नाही. गैरसमजाचे मूळ बहुधा याच्या दूरनियंत्रणात असावे: तिवईवरील प्रक्षेपकापासून सुमारे 50 मीटरपर्यंत दूर, आडोशाला बसून चालक पडद्यावर पाहत नेम धरतो. त्यामुळे त्याचा जीव वाचण्याची शक्यता वाढते, हे या शस्त्राचे खरे मोल. पण चालकाचे काम तेवढ्याने संपत नाही.

पल्ला दिवसा सुमारे 5 किलोमीटर आहे. हे विमानविरोधी अस्त्र असल्याचेही सांगितले जाते. एप्रिल 2022मध्ये याच क्षेपणास्त्राने रशियाचे ‘केए-52’ हेलिकॉप्टर पाडल्याची चित्रफीत युक्रेनने प्रसिद्ध केली होती, परंतु असा वेध खाली, संथ उडणाऱ्या किंवा एका जागी तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरचाच घेता येतो.