तेल पाणी देत नाही, फटी लिंपतं

एका लेखात 'क्रीममधलं तेल त्वचेला पाणी देतं' असं म्हटलंय, ते पटलं नाही. तेलाकडे द्यायला पाणी नसतंच. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात. थंडीने, साबणाने ते लिंपण जातं, पेशींच्या कडा उचलल्या जातात आणि हाताला खरखर लागते. क्रीममधले स्निग्ध घटक या फटी भरतात, त्यामुळे त्वचा लगेच मऊ लागते. पाणी ओढून धरण्याचं काम ग्लिसरीनचं.

आमच्या कोकणात टाचांच्या भेगांना कोकमाच्या बियांचं मुठेल लावतात. त्यात स्टिअरिक आणि ओलेइक ही मेदाम्लं, म्हणजे स्निग्ध पदार्थांचे घटक, भरपूर. ते साधारण ४० अंशांना वितळतं, म्हणून आजी आधी पळीत गरम करून मगच भेगेत सोडायची. वास आजही आठवतो!

लिपस्टिकमध्येही बऱ्याचदा एरंडेल असतं, रंगाची पूड नीट मिसळावी आणि कांडी ओठांवर सहज सरकावी म्हणून. कोरड्या गालांवर फाउंडेशन पापुद्र्यांना धरून बसतं, तेव्हा आधी ओलसर चेहऱ्यावर क्रीम लावा आणि थोडं मुरू द्या.