‘एवढं काम करून हीटर कोमटच’ या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. वॉटर पंप, थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप), कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) पाइप बदलले आणि हीटर मात्र कोमट हवा फेकतोय. फोन केला तर ‘हीटरचं काम वेगळं’ म्हणून सांगितलं. परत गाडी आणली, दोन दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. म्हणजे ‘नसते पार्ट बदलले’, असं तुम्ही लिहिलंय. परवा तुम्ही घाईत होतात, बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून इथेच लिहितो.

फोनवरचं उत्तर साफ चूक होतं. हीटरमध्ये इंजिनाचंच कूलंट फिरतं. ते सगळं आम्ही काढून नव्याने भरलं, तर हीटर चालवून बघूनच गाडी सोडायला हवी होती. तापमानाचा काटा मध्यावर, गळती नाही, एवढं बघून किल्ली हातात दिली. याबद्दल माफी मागतो.

पहिल्या खेपेला आत हवा धरली होती. ‘पळवली की गरम, थांबली की गार’ हे तुम्हीच सांगितलंत आणि त्यावरूनच कळलं. हीटर कोर हा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर. बऱ्याच गाड्यांत तो उंचावर असतो, त्यामुळे हवा तिथे जाऊन बसते आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन हळू चालू असताना, पंपाच्याने ती ढकलवत नाही. गाडीचं नाक वर करून हवा काढली, तेव्हा अर्ध्या लिटरहून जास्त कूलंट आत गेलं.

परवा मात्र प्रकार वेगळा निघाला. स्कॅनरवर इंजिन ९० अंशांवर, म्हणजे थर्मोस्टॅट ठीक. कोरकडे जाणाऱ्या पाइपला हात लावला तर चटका बसत होता आणि परतीचा पाइप मुठीत आरामात धरता येत होता. परतीचा थोडा कमी गरम असतोच, पण इतका नाही. दोन्ही तापलेले असते तर मी गरम-गार हवेची झडप तपासली असती. इथे कूलंट कोरमधून सरकतच नाहीये. कोर चोक आहे.

तो आमच्या पार्टमुळे झालेला नाही. पण हे मला आधीच ओळखता यायला हवं होतं. जुना पंप काढला तेव्हा आत तपकिरी चिकट गाळ होता, गळती बुजवायची पावडर कधीतरी टाकली की असतो तसा. कोरच्या नळ्या बारीक, गाळ पहिल्यांदा तिथेच बसतो. बघितलं, पुसून टाकलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. चुकलंच.

‘नसते पार्ट’ हे मात्र मान्य नाही. पंप शाफ्टपाशी गळत होता. जुना थर्मोस्टॅट तुमच्या डिकीत पिशवीत ठेवलाय, काढून बघा. थंड असताना त्याची झडप मिटलेली हवी, ती अर्धी उघडी अडकलेली दिसेल. मोकळ्या रस्त्यावर काटा खाली यायचा तो त्यानेच.

आता पुढचं. दोन्ही पाइप सोडवून कोरमध्ये उलट्या बाजूने, अगदी कमी दाबाने पाणी सोडून बघू. दाब वाढवला तर जुना कोर फुटतो आणि सगळं पायाखालच्या कार्पेटवर येतं. याची मजुरी घेणार नाही, लागेल ते कूलंटही आमचं. एवढ्याने मोकळा झाला नाही तर कोर बदलावा लागेल. बहुतेक गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो; तो खर्च आधी लिहून देईन, तुम्ही हो म्हटल्याशिवाय स्क्रूला हात लावणार नाही.

गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळीच आणून लावा, मला इंजिन रात्रभर थंड झालेलं हवंय. तोवर कूलंटची लेव्हल बाहेरूनच बघा, तापलेल्या इंजिनावर झाकण अजिबात उघडू नका. लेव्हल उतरताना दिसली तर लगेच फोन करा, फोन मीच उचलेन.