वर्ल्ड कपचा इतिहास सांगायचाय? मग तो वाचू बिचू नका

क्रिकेटच्या वर्ल्ड कपच्या इतिहासावर बोलायला वर्ल्ड कपचा इतिहास माहीत असावा लागतो, हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. ज्यांना माहीत असतो ते लोक अडखळतात, "एक मिनिट हां, ती मॅच लीगची होती की सेमी" असं करत बसतात आणि तोवर दुसरा कोणीतरी ठासून काहीतरी चुकीचं बोलून टाळ्या घेऊन जातो. तो दुसरा कोणीतरी तुम्ही व्हायचंय. अवघड काही नाही, थोडा आवाज हवा आणि काय विसरायचं ते पक्कं लक्षात हवं.

सगळ्यात आधी हे ठरवून टाका की इतिहास 1983 ला सुरू होतो. त्याच्या आधी दोन वर्ल्ड कप झाले, 1975 आणि 1979, दोन्ही इंग्लंडमध्ये, 60 ओव्हर्सचे, पांढऱ्या कपड्यात लाल बॉलने, आणि दोन्ही वेस्ट इंडिजने नेले. पण त्यात आपल्याला सांगण्यासारखं काही नाही म्हणजे ते झालेच नाहीत. कोणी मुद्दाम खोडी काढायला विचारलंच की वर्ल्ड कपच्या पहिल्याच दिवशी, 7 जून 1975 ला, लॉर्ड्सवर इंग्लंडने 334 केल्यावर गावसकर 174 बॉल खेळून 36 वर नाबाद राहिला ते काय होतं, तर मान हलवून म्हणायचं "तेव्हा वनडे कोणाला कळत होती". त्याच मॅचमध्ये त्याच पिचवर डेनिस अ‍ॅमिसने 137 मारले होते, त्याला बहुतेक कळत असावी, पण हे वाक्य तुम्ही मनातसुद्धा आणायचं नाही. 1979 ला तर आपण तिन्ही मॅच हरलो, त्यातली एक श्रीलंकेकडून, ज्यांना तेव्हा टेस्टचा दर्जाही नव्हता. पुढे चला.

1983 मात्र निवांत सांगायचं. इथे एक काळजी घ्या, की आपली टीम अगदीच बिचारी, फिरायला आलेली, वेस्ट इंडिजसमोर उभं राहायची लायकी नसलेली अशी दाखवली पाहिजे, तरच शेवट भारी वाटतो. आता अडचण अशी की त्याच स्पर्धेतल्या पहिल्याच मॅचमध्ये ओल्ड ट्रॅफर्डला आपण वेस्ट इंडिजला 34 रन्सनी हरवलं होतं, यशपाल शर्माने 89 काढले होते, आणि वर्ल्ड कपमधली वेस्ट इंडिजची ती पहिली हार होती. म्हणजे फायनलला "कोणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं" म्हणताना थोडं चाचरायला होतं. चाचरू नका, यशपालची ती इनिंग गाळून टाका, कोणाच्या लक्षात येत नाही. फायनलमध्ये आपले 183, त्यात श्रीकांतचे 38 सगळ्यात जास्त, मग मदनलालच्या बॉलवर रिचर्ड्सचा कॅच. हा कॅच घ्यायला कपिल मागे किती पळाला ते अंतर तुम्ही सांगाल तितकं. दर वर्ल्ड कपला चार-पाच यार्ड वाढवत न्यायचं, बाकीचे पण वाढवतायत, आपण मागे पडून चालणार नाही. 12 रन्समध्ये 3 विकेट घेणारा मोहिंदर अमरनाथ सेमी आणि फायनल दोन्हीचा मॅन ऑफ द मॅच होता, पण त्याचं नाव जरा घाईने घ्या, तो फार हळू पळायचा, गोष्टीचा वेग कमी होतो.

आणि टनब्रिज वेल्स! झिम्बाब्वेविरुद्ध 17 ला 5 आणि तिथून कपिलचे नाबाद 175. या मॅचचं व्हिडिओ चित्रणच नाही. अहो इतिहासकाराचं याहून मोठं भाग्य काय असणार, पुरावाच नाही म्हणजे बॉल कुठपर्यंत गेला ते सगळं आपल्या हातात. फक्त एक सांभाळा, कपिलबरोबर नवव्या विकेटला शेवटपर्यंत उभं राहून किरमाणीने नाबाद 24 केले आणि दोघांची 126 ची भागीदारी झाली हे कोणी काढलं तर "हो हो, त्यानेही साथ दिली" एवढंच म्हणायचं. एका गोष्टीत दोन हीरो बसत नाहीत.

आता मुख्य विषय, म्हणजे हरलेल्या मॅचेस. खरा तज्ज्ञ इथे ओळखू येतो, कारण जिंकलेलं काय कोणीही सांगेल, हरलेलं असं सांगायला पाहिजे की ऐकणाऱ्याला वाटावं आपण खरंतर जिंकलोच होतो.

यात टॉस हे सगळ्यात भरवशाचं हत्यार. 2003 ची जोहान्सबर्गची फायनल आपण का हरलो? टॉस जिंकून फिल्डिंग घेतली म्हणून. 2023 ची अहमदाबादची का हरलो? टॉस हरलो आणि ऑस्ट्रेलियाने फिल्डिंग घेतली म्हणून. दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हणायची नाहीत, मधे चहा-पाणी होऊ द्या. 1996 च्या सेमीला ईडन गार्डन्सवर अझरनेही टॉस जिंकून फिल्डिंगच घेतली होती, तेही याच खात्यात जमा. आणि 2011 ला वानखेडेवर गोंगाटात संगकाराने काय मागितलं ते ऐकूच आलं नाही म्हणून टॉस चक्क दोनदा उडवला, दुसऱ्यांदा श्रीलंका जिंकली, त्यांनी बॅटिंग घेतली, आणि तरी आपण 6 विकेटनी जिंकलो. आता टॉस एवढा महत्त्वाचा असेल तर मग 2011 चं काय, असं कोणी विचारलं तर धोनीचा सिक्स काढा. धोनीच्या सिक्सनंतर आजपर्यंत कोणी प्रश्न विचारलेला नाही. गंभीरचे 97 मात्र काढू नका, त्यावरून वेगळंच भांडण सुरू होतं आणि ते रात्री दोनपर्यंत संपत नाही.

2003 साठी टॉसबरोबरच पाँटिंगच्या बॅटमधली स्प्रिंग ठेवा. हो, स्प्रिंग. त्या फायनलमध्ये त्याने 121 बॉलमध्ये नाबाद 140 केले, 8 सिक्स मारले, ऑस्ट्रेलिया 2 बाद 359, आणि एवढं सगळं लाकडाने होतं का असा तेव्हा अख्ख्या शाळाशाळांमधून निष्कर्ष निघाला होता. मॅच परत खेळवणार अशीही बातमी होती, आम्ही सगळ्यांनी ती अगदी खात्रीलायक सूत्रांकडून म्हणजे मागच्या बाकावरून ऐकली होती. मार्टिनच्या नाबाद 88 ला कोणती स्प्रिंग होती आणि झहीरच्या पहिल्या ओव्हरला 15 रन्स गेल्या त्या कशाने, हे प्रश्न तज्ज्ञाला पडत नसतात.

1987 जरा नाजूक आहे. वर्ल्ड कप पहिल्यांदाच इंग्लंडबाहेर, भारत-पाकिस्तानात, आणि आपल्याकडे तेव्हा उजेड लवकर जातो म्हणून 60 चे 50 ओव्हर्स झाले, हे सांगितलं की माणूस अभ्यासू वाटतो. नागपूरला गावसकरने 103 नाबाद ठोकले, चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली, तेही सांगा, भरपूर सांगा. पण मद्रासची ऑस्ट्रेलियाविरुद्धची मॅच? तिथे डीन जोन्सचा एक फटका फोर दिला होता, ऑस्ट्रेलियाने इनिंग संपल्यावर तक्रार केली की तो सिक्स होता, आणि आपला कॅप्टन कपिल म्हणाला ठीक आहे, द्या सिक्स. 268 चे 270 झाले आणि आपण 269 वर ऑल आउट, 1 रनने हरलो. आता अशा माणसाचं काय करायचं सांगा. वर्ल्ड कपमधली एवढी सरळ वागणूक म्हणजे अभिमानाने सांगायची गोष्ट, पण तुमच्या कामाची नाही, कारण यात ना अंपायर फितूर आहे ना पिच, शिव्या द्यायला कोणीच सापडत नाही. त्यापेक्षा वानखेडेची सेमी घ्या, इंग्लंडच्या गूचने स्वीप मारमारून 115 केले, मनिंदर आणि शास्त्रीला झाडलं, "एवढं स्वीप कोणी मारतं का" असं म्हणून तो जणू बेकायदा फटका होता असं भासवता येतं.

1996 च्या सेमीबद्दल पिच, पिच आणि पिच. सचिन 65 वर स्टंप झाला तेव्हा 98 ला दुसरी विकेट पडली आणि 120 ला आठवी. मग पब्लिकने बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ केली आणि मॅच रेफरीने सामना श्रीलंकेला देऊन टाकला. हा रेफरी कोण, तर क्लाइव्ह लॉइड, म्हणजे पहिले दोन वर्ल्ड कप उचललेला माणूस. एवढं कळल्यावर कोणाच्याही मनात येईल की 83 ची फायनल हरल्याचा राग काढला, तुम्ही फक्त अर्थपूर्ण गप्प बसा, लोक स्वतःच बोलतील. बाटल्या कोणी फेकल्या ते विचारलं तर कांबळीचे अश्रू दाखवा.

दुसरे हरले की मात्र नियम उलटे. साउथ आफ्रिका हरली की ते चोकर. 1992 ला सिडनीच्या सेमीत 13 बॉलमध्ये 22 हवे होते, बारा मिनिटं पाऊस पडला आणि बोर्डावर आलं, 1 बॉल 22 रन्स. पोट धरून हसायचं. (प्रत्यक्षात हव्या होत्या 21, बोर्डही चुकला, पण 1 बॉलमध्ये 21 तरी कोण काढतंय.) 1999 ला एजबॅस्टनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध 213-213, म्हणजे बरोबरी होऊनही बाहेर, शेवटच्या ओव्हरमध्ये क्लुसनरचे दोन खणखणीत फोर, 1 रन हवी, आणि डोनाल्ड बॅट खाली टाकून पळतोय, तेही हसण्यासारखं. 2003 ला डर्बनमध्ये बाउचरने श्रीलंकेच्या मुरलीला सिक्स मारला आणि मग शेवटचा बॉल आरामात तटवला, कारण कागदावर लिहिलेला आकडा जिंकायचा आहे असं त्याला वाटलं आणि तो होता बरोबरीचा. पावसाने अडलेल्या मॅचचं लक्ष्य ठरवणाऱ्या डकवर्थ-लुईस पद्धतीचा तो कागद नीट वाचता न आल्यामुळे यजमान घरी, घरीच होते म्हणा ते. आणि आपली 2019 ची मँचेस्टरची सेमी पावसाने दुसऱ्या दिवसावर गेली, रोहित, राहुल, कोहली तिघेही 1-1 वर गेले आणि आपण 18 रन्सनी हरलो, त्याला चोक नाही म्हणत. त्याला हवामान म्हणतात.

2019 ची फायनल ही तर तज्ज्ञांची पर्वणी. 241-241, सुपर ओव्हर 15-15, आणि इंग्लंडच्या 26 बाउंड्री विरुद्ध न्यूझीलंडच्या 17 म्हणून कप इंग्लंडला. "हा काय नियम झाला" असं रागाने म्हणा, पण तो नियम मॅचच्या आधी पुस्तकात होता आणि तुम्ही तो वाचला नव्हता हे उघड होऊ देऊ नका, काही महिन्यांनी आयसीसीने तो काढून टाकला तेव्हा "बघा, मी म्हटलं नव्हतं" असं म्हणायचा हक्क तुम्हाला त्यामुळेच मिळाला.

लिंबूटिंबू टीम्सबद्दल बोलताना कंटाळा दाखवा, जांभई आली तर उत्तम. 1983 ला झिम्बाब्वेने ऑस्ट्रेलियाला हरवलं, 1996 ला पुण्यात केनियाने वेस्ट इंडिजला 93 मध्ये गुंडाळलं, 17 मार्च 2007 ला तर कहर झाला, एकाच दिवशी बांगलादेशने आपल्याला आणि आयर्लंडने पाकिस्तानला हरवलं, दोघेही पहिल्याच फेरीत बाहेर. बार्बाडोसला 15 एप्रिलला भारत-पाकिस्तान होणार असं सगळे धरून चालले होते, लोकांनी तिकिटं काढून ठेवलेली, आणि तिथे खेळले बांगलादेश आणि आयर्लंड. एवढा मोठा गुन्हा माफ कसा होणार? 2007 ला 16 टीम्स होत्या, 2019 ला 10 उरल्या. जगाचा कप आहे तर जग थोडं कमी केलं की मॅचेस चुरशीच्या होतात, असं गंभीर चेहऱ्याने म्हणा. मग त्या दहातही 2023 ला वेस्ट इंडिज बसली नाही, पहिले दोन कप नेणारी टीम, त्यावर "वाईट वाटतं यार" म्हणून पुढचा विषय काढा.

शेवटचा धोका सांगून ठेवतो. कधीतरी कोणीतरी, बहुतेक घरातलीच मुलगी, विचारेल की पहिला वर्ल्ड कप कधी झाला, आणि तुम्ही छाती काढून 1975 म्हणाल. तो झाला 1973 ला. बायकांचा. इंग्लंडची कॅप्टन रेचल हेहो-फ्लिंट आणि जॅक हेवर्ड नावाचा उद्योगपती यांच्या डोक्यातली कल्पना, हेवर्डने 40,000 पाउंड दिले, इंग्लंड जिंकलं, आणि पुरुषांना सुचायला अजून दोन वर्षं होती. आता या माहितीचं काय करायचं ते 2 नोव्हेंबर 2025 पर्यंत कोणाला कळत नव्हतं, त्या रात्री नवी मुंबईत हरमनप्रीतच्या टीमने साउथ आफ्रिकेला 52 रन्सनी हरवलं आणि एकाएकी आपण सगळेच महिला क्रिकेटचे जुने जाणते निघालो. तुम्हीही निघा, उशीर करू नका, जागा भरत आल्यात. दीप्तीच्या 5 विकेट, शफालीचे 87, सेमीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध जेमिमाचे नाबाद 127, हे तर सगळ्यांनाच येतं, त्यात तुमचा वेगळेपणा दिसणार नाही. तुम्ही 2017 ची लॉर्ड्सची फायनल काढा. इंग्लंडचे 228, आपण 3 बाद 191 वरून 219 ऑल आउट, श्रबसोलच्या 6 विकेट, 9 रन्सनी हरलो. आज रात्री हे पाठ करून घ्या, आणि उद्या सांगताना मधेच थोडं थांबून, डोळे मिटून सांगा, म्हणजे ती मॅच तुम्ही तेव्हा लाइव्ह बघितली होती असं वाटेल.