‘तांब्याचा चावा, लोखंडाचा चावा’ या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वाचक महाशय,

‘समुद्रातला किडा आणि कोमोडोची महाकाय घोरपड यांची तुलना हा पोरकटपणा आहे, गोवेकराने घोरपडीचे नाव घुमटापुरतेच घ्यावे,’ हे आपले वाक्य मी तीनदा वाचले. (घुमट म्हणजे आमचे गोव्याचे मातीचे वाद्य; त्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवत.) मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु हे वाक्य घोळवण्यात जो वेळ गेला, तो लेख शेवटपर्यंत वाचण्यात गेला असता तर दोघांचेही श्रम वाचले असते.

एक चूक मान्य करतो. ग्लिसेरा या किड्याबद्दल मी ‘दात’ असे लिहिले; ते चार जबडे असतात, दात नव्हेत.

तुलना नात्याची नव्हती, आकाराचीही नव्हती; वीतभर किडा आणि तीन मीटरची घोरपड एका तराजूत घालायला मी म्हापशाच्या बाजारात बसलेलो नाही. चावण्याचे हत्यार झिजू नये यासाठी शरीर काय करते, एवढाच प्रश्न होता. ग्लिसेराच्या जबड्यात तांबे असते आणि त्यातील काही अॅटाकामाइट या खनिजाच्या रूपात असते, हे २००२ साली प्रसिद्ध झाले. कोमोडोच्या दातांच्या टोकांवर आणि करवती कडांवर लोहाचा नारिंगी थर असतो, हे २०२४ साली. कणा नसलेला एक जीव आणि कणा असलेला दुसरा, दोघेही आपापल्या वाटेने धातूपाशी पोहोचले, यात पोरकट काय आहे ते आपण सांगितलेले नाही.

माझे बालपण दिवाडी बेटावर गेले. ओहोटीच्या वेळी मानशीजवळच्या, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाणदाराजवळच्या, चिखलातून गरीला लावण्यासाठी किडे उकरताना त्यांतल्या एकाने घेतलेला चावा गांधीलमाशीसारखा झोंबला होता, आणि पुढे सत्तावीस वर्षे जीवशास्त्र शिकवताना तो मी विसरलो नाही. आपण कोणत्या चिखलात हात घातला आहे, हे विचारणे असभ्य ठरेल.

घुमटाचे म्हणाल तर घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे आणि घुमटावर आता बकऱ्याचे कातडे चढते; ही बातमी आपल्यापर्यंत अद्याप आलेली दिसत नाही.

कोमोडोच्या लाळेतील जंतू, परकी नावे आणि लेखाची लांबी या आपल्या उरलेल्या तक्रारींवर लिहिण्याजोगे काही नाही; जंतूंपुरते सांगायचे तर, या घोरपडीच्या खालच्या जबड्यातील विषग्रंथींविषयी २००९ सालीच लिहिले गेले आहे.

‘दात’ काढून ‘जबडे’ असा बदल आज लेखात केला आहे. शीर्षक आहे तसेच राहील.