कादंबरी उताऱ्यात मावत नाही

दहावीपर्यंत कुमारभारतीत कादंबरी भेटते ती दोन-तीन पानांच्या उताऱ्यातून. आकृती पूर्ण करा, विरुद्धार्थी शब्द शोधा, स्वमत लिहा, विषय संपला. प्रत्येक पानावर उत्तर शोधायची सवय तिथेच लागते. मग अकरावीत कुणी 'कोसला' हातात दिली की पंधराव्या पानावर पुस्तक मिटतं आणि मराठी कादंबऱ्या बोअर असतात असं ठरून जातं. मला याचा खरंच राग येतो.

नेमाड्यांची 'कोसला' 1963 सालची. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला कॉलेजात येतो, होस्टेलवर राहतो. त्याचं सारखं 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' उताऱ्यात नुसता चाळा वाटेल. पन्नासेक पानं सलग वाचली की लक्षात येतं, कुठलीच गोष्ट ठामपणे म्हणायची त्याची तयारी नाही. पुढे धाकटी बहीण मनी जाते. तिथवर सगळ्याची टिंगल करत आलेला मुलगा आतून ढासळतो, आणि मागची टिंगल वाचलेली नसेल तर ते ढासळणं आपल्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून पहिली साठ पानं एका बैठकीत, फार तर दोन. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने टिंब द्या, शब्दकोश नंतर उघडा. दर ओळीला थांबलं की त्याच्या बोलण्याची लय तुटते.

माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त वेगळीच अडचण. पुस्तक लहान, भाषा सोपी, तरी 'गोष्ट कधी सुरू होणार' म्हणून मुलं मध्येच सोडतात. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळेत पोरं जमवतो, तालीम बांधून घेतो. बाकी सगळी माणसंच: कारभारी, आयबू, अंजी, आनंदा रामोशी. पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा आणि प्रत्येक नावापुढे त्याने केलेली एकच गोष्ट लिहा. स्वभाव लिहू नका. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते तेव्हा ती चिठ्ठी वाचा, किती माणसं आपल्या ओळखीची झाली होती ते कळेल. व्यक्तिचित्रणाच्या उत्तरालाही हीच चिठ्ठी कामी येते. गाईडमधलं 'प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी' कुठल्याही पात्राला चिकटतं, कृती मात्र त्या एकाच माणसाची असते.

ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' पुण्याच्याच 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली, 1890 च्या सुमारास. हप्त्याहप्त्याने वाचायलाच लिहिलेली, त्यामुळे सुट्टीत दोन दिवसांत उरकायला गेलं की दमछाक होते. रोज दोन प्रकरणं बास. यमू आपली हकीकत स्वतः सांगते. विधवांचं केशवपन इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत संपतं, इथे ते तिच्या तोंडून ऐकावं लागतं.

'मृत्युंजय' आमच्या वयात बहुतेकांची लाडकी. कर्णाशिवाय आणखी पाच जण त्यात बोलतात, पण दुर्योधन काय नि वृषाली काय, सगळ्यांची भाषा सारखीच अलंकारिक. मला ते खटकतं. एकेकाचा भाग संपला की एक दिवस थांबा, नाहीतर आवाज एकमेकांत मिसळतात.

पहिल्यांदाच वाचणार असाल तर मिलिंद बोकिलांची 'शाळा' घ्या. नववीतला मुकुंद, शिरोडकर, सुऱ्या, चित्रे, पुस्तक आपोआप संपतं. मग पुन्हा उघडा आणि या वेळी फक्त आणीबाणीचे उल्लेख शोधत जा, पहिल्या वाचनात ते जवळजवळ सगळे निसटतात. त्यानंतर 'बनगरवाडी'. 'कोसला' तिसरी.